मॉडेल घरी राहू द्या, पोरांना पाठवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रदर्शनाच्या बातमीसोबत आपण छापलेला फोटो पाहिला. मधोमध प्रमुख पाहुणे, हातात पुष्पगुच्छ, बाजूला मुख्याध्यापक, मागे दिवे लागलेली थर्माकोलची ‘स्मार्ट सिटी’. ज्या पोराच्या नावावर ती सिटी होती, त्याचा फक्त एक खांदा आणि बिल्ला फोटोत आलाय. फोटोग्राफरला बोल लावत नाही, प्रदर्शनातली मांडणीच तशी असते. त्यातला एक दिवस पोरांनी गटाने, तिथल्या तिथे प्रयोग करायच्या स्पर्धेला द्यावा, एवढं सांगायला हे पत्र. (थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. ‘पर्यावरण रक्षण’ अशी पाटी लावलेल्या टेबलावर थर्माकोलची झाडं पाहिली की हे दरवर्षी आठवतं. असो.)

मी शिक्षक नाही. एका अनुदानित शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. परीक्षानळ्या धुणं, ॲसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, मायक्रोस्कोपच्या काचा पुसणं आणि प्रदर्शन आलं की टेबलं लावणं, एक्स्टेंशन बोर्ड जोडणं, परीक्षकांना चहापाणी बघणं, ही माझी कामं. मी निवृत्त झाल्यावर त्या जागेवर कोणी आलं नाही. प्रयोगशाळेची किल्ली आता म्हणे ऑफिसात असते. टेबलामागे उभ्या असलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष नसतं, त्यामुळे त्याला बरंच दिसतं.

दिसतं ते असं. सकाळी ऑटोतून, व्हॅनमधून मॉडेल उतरतं. उचलतात वडील, जोडतात मामा. मामा बहुधा डिप्लोमा केलेले असतात. पिचकाऱ्यांवर चालणारा जेसीबी, खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, हात पुढे केला की झाकण उघडणारी कचरापेटी, हे ठरलेले पाहुणे. तयार मॉडेल बाजारात मिळतं, ऑर्डर दिली तर पाठ करायचा कागदही सोबत मिळतो. परीक्षक टेबलापाशी आले की मुलगी ‘गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड सर’पासून गाडी सोडते ती ‘थँक यू’लाच थांबते. मधे अडवलं तर पुन्हा पहिल्यापासून.

एकदा एका परीक्षक मॅडमनी कचरापेटीवाल्या मुलीला साधंच विचारलं, “हात जवळ आला हे या पेटीला कळतं कसं गं?” मुलीने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत मामा होते, त्यांनी ओठ हलवले. मॅडमनी मला खिडकी लावून घ्यायला सांगितली, मी लावली. पोरगी हुशार होती हो. त्या पेटीतून आपल्याला ऐकू न येणारा आवाज सुटतो, हातावर आपटून परत येतो आणि परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं, हे तिला कुणी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर तिने आम्हालाच शिकवलं असतं. पण पेटी उघडायची तिला घरी मनाई होती, वायर निघेल म्हणून.

प्रदर्शनं बंद करा असं मी म्हणत नाही. काटोल-उमरेडकडचं एखादं पोरगं अनोळखी माणसांसमोर पहिल्यांदा तोंड उघडतं ते तिथेच. आणि नागपूर महापालिकेच्या शाळांतली मुलं ‘अपूर्व विज्ञान मेळाव्या’त साध्या-स्वस्त वस्तूंवर स्वतः प्रयोग करून दाखवतात, तो प्रकार या शहराने अभिमानाने सांगावा असा आहे. माझं गाऱ्हाणं बक्षिसाच्या स्पर्धांबद्दल आहे. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा चांगली, तिच्यात प्रात्यक्षिक आहे, मुलाखत आहे, पण ती एकट्याची. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या मुलाच्या खात्यात दहा हजार रुपये येतात, तेही एकट्याच्या कल्पनेला. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून आहे, दहा ते सतरा वर्षांची मुलं गट करून आपल्याच गावातला प्रश्न घेतात. तिला माझे पैकीच्या पैकी मार्क. पण तो महिनोन् महिन्यांचा प्रकल्प, आणि शेवटचा अहवाल कुणी लिहिला हे भाषेवरून ओळखू येतं. सातवीतलं पोरगं ‘सदर संशोधनाअंती असे निदर्शनास आले’ असं लिहीत नाही.

गेल्या दिवाळीत शाळेची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली होती. ती अमेरिकेत मिशिगनला असते, तिचा मुलगा तिथल्या शाळेच्या ‘सायन्स ऑलिंपियाड’च्या संघात आहे. आपल्याकडे फी भरून गोल काळे करायच्या ज्या परीक्षा असतात, त्यातला हा प्रकार नाही. १९८४ साली ही संस्था उभी राहिली, पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८५ मध्ये मिशिगनमध्येच झाली. सहावी ते नववीचा एक गट, नववी ते बारावीचा दुसरा. शाळेचा संघ जास्तीत जास्त १५ जणांचा आणि स्पर्धेचे प्रकार २३, बहुतेक प्रकारांत दोघांची जोडी. म्हणजे सरासरी एकेकाला तीन ठिकाणी उतरावं लागतं, आणि एकटा कितीही तल्लख असला तरी सगळीकडे पुरा पडत नाही. एक जोडी खडक ओळखत असते, दुसरी साथ कुठून पसरली याचा माग काढत असते, तिसरीचं यंत्र चालू असतं.

गुण देण्याची पद्धत मला फार आवडली. प्रत्येक प्रकारात संघाचा जो क्रमांक येईल त्यांची बेरीज करायची आणि जिची बेरीज सगळ्यात कमी ती शाळा पहिली. चार प्रकारांत पहिला आणि बाकीच्यांत तळाला असा संघ वर येऊच शकत नाही. आपल्या शाळा एका हुशार पोरावर पाच बक्षिसं मारतात, ते तिथे चालायचं नाही.

तिच्याकडून नियम समजून घेतले आणि त्यातले काही प्रकार आमच्या मानेवाड्याच्या ले-आउटमधल्या समाजभवनात करून बघितले. पोट्टे सगळ्या तऱ्हेचे होते. महापालिकेच्या शाळेचे, कॉन्व्हेंटचे, एक तर प्रदर्शनात जिल्ह्यापर्यंत गेलेला.

पहिला प्रकार असा. आतल्या खोलीत एक वस्तू झाकून ठेवलेली. आम्ही काड्यापेटी, बाटलीचं झाकण, दोन स्ट्रॉ, रबर, टाचण्या आणि शर्टाचं बटण एवढ्यात काहीतरी विचित्र बनवलं होतं. जोडीतल्या एकाने ते पाहायचं आणि कसं बनवायचं ते शब्दांत लिहायचं. चित्र काढायचं नाही. कागद बाहेरच्या खोलीत जोडीदाराकडे जातो. त्याच्यापुढे सुटे भाग असतात, मूळ वस्तू त्याने पाहिलेली नसते. कागद वाचून ती उभी करायची, दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. जो भाग बरोबर जागी बसला त्याचे गुण.

आठवीतली एक मुलगी निबंधात बक्षीस घेणारी. तिने सुंदर परिच्छेद लिहिला. ‘पेटीच्या वर एक आकर्षक लाल झाकण बसवलेले आहे’ असं त्यात होतं. जोडीदार सातवीतला, महापालिकेच्या शाळेचा. त्याने पेटी उभी केली, डोक्यावर झाकण बसवलं. मूळ वस्तूत पेटी आडवी होती. दोघं समोरासमोर आल्यावर मुलगी भडकली, “मी ‘वर’ लिहिलं होतं ना!”

“काऊन चिडून राहिली? पेटी आडवी ठेवली होती का उभी, हे कुठं लिहिलं तू?”

ती कागद घेऊन कोपऱ्यात गेली आणि पुन्हा पुन्हा वाचत राहिली. पुढच्या फेरीत वस्तू बदलली, दोघांनी जागा बदलल्या. आता लिहिणारा तो. त्याचा कागद माझ्याकडे आहे. ‘१. पेटी आडवी ठेव. काडी घासाची बाजू तुयाकडे. २. झाकन उजव्या टोकाले, टाचनी बरोबर मधातून घाल. ३. आता पेटी हलवू नको.’ मराठीच्या पेपरात या कागदाला लाल पेनाने मारून टाकलं असतं. पण समोरच्या मुलीचा एकही भाग चुकला नाही. ‘आता पेटी हलवू नको’ हे वाक्य त्याला सुचलं, कारण मागच्या फेरीत त्याच्याच हातून ती हलली होती. कृतीचं वर्णन म्हणजे आणखी काय असतं? प्रयोगवहीत ‘साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान’ हे रकाने आपण पिढ्यान् पिढ्या फळ्यावरून उतरवून घेतो. तुझी कृती वाचून दुसऱ्याला प्रयोग करता येतो का, हे मात्र कधी कुणी तपासत नाही.

दुसरा प्रकार मनोऱ्याचा. तिकडे हलकं लाकूड वापरतात, इथे मी बुरडाकडून बांबूच्या बारीक कामट्या आणल्या. कामट्या, दोरा, फेविकॉल. मनोऱ्याला बादली टांगायची आणि हळूहळू वाळू ओतायची. तिथे पंधरा किलोपर्यंत नेतात. गुण मात्र किती वजन पेललं याचे नाहीत. पेललेल्या वजनाला मनोऱ्याच्या स्वतःच्या वजनाने भागायचं. जिल्ह्याला गेलेल्या पोराचा मनोरा दणकट होता, प्रत्येक सांध्यावर फेविकॉलचा गोळा. त्याचं वजन ६४ ग्रॅम, पेलले ९ किलो. दोन बहिणींचा मनोरा १९ ग्रॅमचा, ४ किलोला मोडला. भागाकार केला आणि बहिणी जिंकल्या. हरलेला पोरगा म्हणाला, “काका, माझ्यानं जास्त उचललं!” मी कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात दिला. मग तो मोडलेला मनोरा घेऊन बसला. सांधा एकही सुटला नव्हता, एक लांब कामटी मधातून वाकून गेली होती, तिथे आडवा टेकू नव्हता. म्हणजे फेविकॉल नको तिथे घातला आणि कामटी हवी तिथे घातली नाही, हे त्याने स्वतः सांगितलं.

तिसरा प्रकार माझ्या मनचा. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला थर्मामीटरचा राग असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. नीट बघितलं तर पारा शंभराच्या खाली थांबलेला दिसतो. पण एकाही मुलाने प्रयोगवहीत ९९ लिहिलेलं मला आठवत नाही. सगळे १०० लिहितात, कारण पुस्तकात १०० आहे. एखाद्याने लिहिलंच तर खोडून १०० करायला लावतात.

तर मी लाल स्पिरिटचे चार थर्मामीटर ठेवले. दोन चांगले. बाकीच्या दोघांतला रंगाचा धागा तुटून त्याचा तुकडा वरच अडकलेला, त्यामुळे ते दोन्ही सारखेच तीन अंश कमी दाखवत होते. सवाल एकच: यातले खोटारडे कोणते ते सिद्ध करा. तिघांच्या टोळ्या केल्या. खोलीत दोन ३१ सांगत होते, दोन ३४. दोन विरुद्ध दोन, बहुमताचा मार्ग बंद. एका टोळीने मोबाइलवर नागपूरचं तापमान बघू द्या म्हटलं, ते नामंजूर. मग वाद सुरू झाला. इतका वेळ गप्प बसलेली सहावीची एक पोरगी म्हणाली, “बर्फाला विचारू ना.” कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडून किसलेला बर्फ आणला. वितळत्या बर्फात दोन थर्मामीटर शून्यावर आले, दोन शून्याच्याही खाली, उणे तिनावर गेले. मग त्यांनी भिंगातून बघून तुटलेला धागाही शोधला.

यात नागपूरकरांना ओळखीचं काहीतरी सापडेल. ३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आमच्या ले-आउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर जगबुडीच आली. नंतर हवामान खात्याने सेन्सरमधला दोष असल्याचं सांगितलं. आकडा ऐकल्याबरोबर ‘शेजारच्या केंद्राने किती दाखवले?’ असं विचारणारी मुलं शहरात शंभरभर असती तरी त्या संध्याकाळी बरंच निभावलं असतं.

टोळीने प्रयोग करणं हा काही अमेरिकेचाच शोध नाही. आंतरराष्ट्रीय ज्युनियर सायन्स ऑलिंपियाडमध्ये प्रात्यक्षिकाची फेरी तिघांच्या गटाने करायची असते, आणि ती स्पर्धा २०१३ मध्ये आपल्या पुण्यात भरली होती. पण तिथवर देशातून सहा मुलं जातात. आपल्या बाकीच्यांचं काय?

माझी मागणी नागपूरपुरती आहे. प्रदर्शनाच्या दिवसांतला एक दिवस अशा स्पर्धेला द्या. सहावी ते नववी, शाळेचे आठ जण, प्रकार सहाच. साहित्य तिथेच मिळेल, घरून पेन्सिलसुद्धा आणायची नाही. पालक आणि मार्गदर्शक दोरीच्या पलीकडे, खिडक्या बंद. प्रश्नपत्रिका मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत. प्रश्न काढायला माणसं शोधायला लांब जायला नको. १९५८ पासून नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, इथे आहे, तिने पाण्याचा एक प्रकार द्यावा. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आहे. काळी, मुरमाड आणि रेताड माती ओली करून अंगठ्याने तिची पट्टी काढायची आणि पट्टी किती लांब निघते यावरून माती ओळखायची, हा खेळ तिथले लोक डोळे मिटून लावतील. काळ्या मातीची पट्टी लांबच लांब निघते, रेताड हातातच फुटते. वर्धा रोडला कापूस संशोधन संस्था आहे, तिने धाग्याचा प्रकार द्यावा. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांच्या मुलांपुढे नाग नदीचा नकाशा आणि पावसाचे आकडे ठेवून ‘पाणी आधी कुठे जाईल?’ हे विचारायला हरकत नाही. जागेचं म्हणाल तर १९९२ पासून गांधीसागरासमोर रमण विज्ञान केंद्र उभं आहे.

शिक्षक नाराज होतील हे मला माहीत आहे. निवडणूक, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती यातून त्यांना फळ्यापर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. म्हणून या स्पर्धेला फाइल नको, अहवाल नको, तयारीही नको. एकाने मुलांना आणावं आणि न्यावं. क्लासवाले लगेच ‘टीम सायन्स बॅच’ची फ्लेक्स लावतील, हेही खरं. तिकडेसुद्धा ज्या शाळांकडे पैसा आणि सरावाला वेळ, त्याच बहुधा वर असतात, असं मिशिगनहून आलेली ती विद्यार्थिनी सांगत होती. त्यावर उपाय म्हणून प्रकार त्याच दिवशी जाहीर करा आणि दरवर्षी बदला.

एक अट मात्र मी सोडणार नाही. आठांपैकी चार जण शाळेने निवडावे, चार चिठ्ठ्या टाकून काढावे. नाहीतर ‘अ’ तुकडीचे पहिले आठ येतील आणि मागच्या बाकावरचं, ‘आता पेटी हलवू नको’ लिहिणारं पोरगं शाळेतच राहील. मुख्याध्यापकांना ही अट आवडणार नाही. आमच्या शाळेतल्या एकांना सांगितली तर ते म्हणाले, शाळेचं नाव जाईल. जाऊ द्या थोडं.

महिना डिसेंबर बरा. दहावीची गडबड सुरू व्हायच्या आत होतं आणि पोरं दिवसभर बाहेर बसली तरी ऊन लागत नाही. खर्च विचाराल तर कामट्या, वाळू, बर्फ, दोरा आणि काड्यापेट्या. प्रदर्शनाच्या मंडपाच्या भाड्यात तो सहज बसतो.

नियम मी मराठीत लिहून काढले आहेत, दोन कागद आहेत. ज्या शाळेला किंवा ले-आउटला हवे असतील त्यांनी आपल्या कार्यालयातून न्यावेत, प्रत मी तिथे देऊन ठेवली आहे. थर्मामीटर हवे असतील तर तेही देईन, खोटारडे धरून चारही. परत तेवढे करा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
मानेवाडा, नागपूर